व्हर्च्युअलबॉक्स ७.२ वर पेढीचा जुना एक्सपी चालेल का?

हळदवाली, सांगली

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. शेतकऱ्याची हिशोबपट्टी ज्या प्रोग्रामवर निघते तो विंडोज एक्सपीच्या काळातला, आणि लिहून देणारे काका आता हयात नाहीत. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई... बाबा माऊसला हात न लावता एंटर मारत भरत जातात, आणि समोर बसलेल्या माणसाचा चहा संपायच्या आत पट्टी त्याच्या हातात असते.

२०१९ च्या महापुरात गणपती पेठेतल्या घराचा तळमजला बुडाला, काँप्युटरही गेला. आतेभावाने आदल्या दिवाळीत त्याची अख्खी डिस्क डिस्क-टू-व्हीएचडी या प्रोग्रामने एका फाइलमध्ये उतरवून विश्रामबागेत स्वतःकडे ठेवली होती, म्हणून खाती वाचली. पुढे तीच प्रत विंडोज १० वर व्हर्च्युअलबॉक्स ६.१ मध्ये (काँप्युटरच्या आत दुसरा काँप्युटर चालवणारा प्रोग्राम) चालत आली. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून विंडोज ११ चं नवं मशीन घेतलंय. त्यावर ७.२ टाकू का? प्रोग्रामला यूएसबी डोंगल लागतं, ती किल्ली खोचल्याशिवाय तो उघडत नाही. आणि बाबा एक्सपी कधीच शटडाऊन करत नाहीत, रोज सेव्ह स्टेट करून उठतात. नवी हळद यार्डात यायच्या आत हे मार्गी लावायचंय.

मिरजकर

ताई, टाका, पण आधी जुन्या मशीनवर एक्सपी सुरू करून आतून नीट शटडाऊन करा. सेव्ह स्टेट म्हणजे चालू मशीन आहे तसं गोठवलेलं. नव्या व्हर्जनमध्ये ते उघडेलच याची खात्री नसते. बंद केलेल्या मशीनला ती अडचण नाही. मग त्या व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे आतल्या एक्सपीचा, अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉटवर (व्हर्च्युअलबॉक्स मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतो तो) विसंबू नका, तो त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला.

डोंगलचं सांगतो. ६.१ मध्ये यूएसबी २ साठी एक्स्टेन्शन पॅक हा वेगळा जोड-भाग लागायचा. ७.० पासून यूएसबी २ आणि ३ दोन्ही मूळ प्रोग्राममध्येच आले. तुमच्यासाठी हे मोठं काम झालं, कारण तो पॅक घरी वापरायला आणि शिकायला फुकट असला तरी धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. तुम्हाला आता त्याची गरजच नाही. मात्र सेटिंगमध्ये यूएसबी ३ निवडू नका, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. २ ठेवा आणि डोंगलचा फिल्टर लावा, म्हणजे मशीन सुरू झालं की ते आपोआप आत जाईल.

नेटवर्क अडॅप्टर बंदच ठेवा. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलाय, पट्टी काढायला इंटरनेट कशाला?

कऱ्हाडचा

मशीनच्या खिडकीच्या खालच्या कडेला हिरव्या कासवाचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी चालू असली की व्हर्च्युअलबॉक्सला विंडोजच्या हायपरव्हीवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणारा विंडोजचा स्वतःचा भाग) चालावं लागतं आणि वेग पडतो. बरेच जण ती बंद करा म्हणतील. माझं मत, करू नका. ती सुरक्षेसाठी आहे, आणि तुमच्या प्रोग्रामला असा किती वेग लागणार?

७.० मधलं टीपीएम (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट हे आत विंडोज ११ टाकणाऱ्यांसाठी आहे. एक्सपीला त्याचा उपयोग नाही.

हळदवाली, सांगली

रविवारी बसून केलं. डोंगल पहिल्या झटक्यात लागलं नाही. फिल्टर लावला होता, पण ते काढून परत खोचावं लागलं, मग प्रोग्राम उघडला. कासव आहे. पट्टी भरताना फरक जाणवत नाही, वर्षाचा खातेउतारा काढताना थोडा जाणवतो.

बाबा नव्या खिडकीपुढे गोंधळले. ७.२ मध्ये टूल्स डाव्या कडेला गेलेत आणि मशीनचे टॅब वर आलेत. म्हणून मशीनवर राइट क्लिक करून डेस्कटॉपवर शॉर्टकट काढून दिला, आता मॅनेजर (व्हर्च्युअलबॉक्सची मुख्य खिडकी) उघडायचं कामच पडत नाही. उजवं कंट्रोल आणि एफ दाबलं की स्क्रीन भरून एक्सपी.

मिरजकरदादा, फोल्डरची एक प्रत आतेभावाकडे पोचवली. दुसरी इथेच ठेवलीय, पण वरच्या मजल्यावर. एकच राहिलं, बाबांना शटडाऊनची सवय लावायची. आज सांगूनही सेव्ह स्टेटच करून उठले.

मिरजकर

ताई, त्याला सेटिंग आहे. फक्त त्याच मशीनच्या युजर इंटरफेसमध्ये मशीन मेनूतला सेव्ह स्टेटचा पर्याय लपवता येतो. खिडकी बंद करताना जो प्रश्न येतो, त्यातूनही तो काढता येतो. उद्या दुपारी सांगतो.