गुडघा बदलण्याआधी निकेलची अ‍ॅलर्जी रक्तातून कळते का?

सांधा_६४: आईचा गुडघा बदलायचा आहे. खोटे दागिने घातले की कानाची पाळी चिघळते, घड्याळाच्या बक्कलखाली खाज सुटते. एक लॅब आयजीई (रक्तातली अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) पॅनेल करा म्हणते, दुसरी रक्तातलं निकेल मोजू म्हणते. कुठली करावी?

पेशीवाचक: दोन्ही नकोत. आयजीई तत्काळ उठणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी असते. धातूची त्वचेवरची अ‍ॅलर्जी टी-पेशींची (या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी), एक-दोन दिवसांनी फुलणारी. रक्तातलं निकेल फक्त संपर्क किती झाला ते सांगतं.

तुम्ही शोधताय ती लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन टेस्ट, म्हणजे एलटीटी. ‘मेलिसा’ तिचाच प्रकार. रक्तातल्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढून निकेल, कोबाल्ट, क्रोमियमच्या क्षारांसोबत ५-६ दिवस वाढवतात. शेवटी किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा घटक, विभागणाऱ्या पेशी तो शोषतात) घालून पेशी किती विभागल्या ते मोजतात. धातूसह आलेल्या आकड्याला धातूविना आलेल्या आकड्याने भागलं की स्टिम्युलेशन इंडेक्स मिळतो. मेलिसात ३ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह, २ ते ३ काठावर.

नमुना_कक्ष: बहुतेक वेळा घोळ रक्त घेतानाच होतो. पेशी जिवंत पोचायला हव्यात. सहसा हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी वापरतात, लॅबला विचारून घ्या. दुसऱ्या नळ्यांतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमशिवाय लिम्फोसाइट जागं होत नाही. नमुना फ्रिजमध्ये किंवा बर्फावर अजिबात नको. खोलीच्या तापमानाला ठेवून शक्यतो २४ तासांत पोचवा. शनिवारी रक्त काढलं आणि कुरियर रविवारभर पडून राहिलं, तर पैसे वाया. आई प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड घेत असेल तर आधी सांगा, प्रतिसाद दबतो. मात्र गोळी परस्पर बंद करू नका. रिपोर्टमध्ये बिनधातूचा आकडा आणि माइटोजेन कंट्रोल (कुठल्याही जिवंत लिम्फोसाइटला वाढवणारं द्रव्य घालून केलेली पडताळणी) मागून घ्या. माइटोजेनलाही पेशी हलल्या नसतील तर ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही. उलट निकेलची मात्रा जास्त झाली तर अ‍ॅलर्जी नसलेल्यांच्या पेशीही वाढतात, म्हणून एकापेक्षा जास्त मात्रांचे आकडे पाहा.

त्वचा_ओपीडी: आधी पॅच टेस्ट (धातूचे क्षार पट्टीने त्वचेवर लावून प्रतिक्रिया बघणं) करा. स्वस्त आहे आणि निकेलसाठी अजूनही तीच मुख्य तपासणी. निकेल सल्फेट ५%, कोबाल्ट क्लोराइड १%, पोटॅशियम डायक्रोमेट ०.५%, पाठीवर ४८ तास. पट्ट्या काढल्यावर एकदा, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचन. धातूंसाठी सातव्या दिवशीही बोलवून घ्या. उशिरा उठणारी प्रतिक्रिया नेमकी तेव्हा सापडते आणि आपल्याकडे हेच वाचन सर्रास टाळलं जातं. पाठ घामाने भिजली तर पट्ट्या सुटतात, तेव्हा ऐन मे महिन्यात नको. टायटॅनियमसाठी मात्र पॅच भरवशाची नाही.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे सांधा बिघडणारच असं नाही. कातडीवर अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांचा कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूचा सांधा छान चालतो. तरी इतिहास इतका स्पष्ट आहे, तर रिपोर्ट सर्जनना दाखवा आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा सांधा किंवा टायटॅनियम नायट्राइडचा लेप असलेला सांधा मिळेल का, तो कितीला पडेल, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी विचारा.