बाबांच्या एलपी-कॅसेट : काय ठेवावं, काय स्ट्रीमिंगवर सोडावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे. इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या वन बीएचकेत राहायचंय. बाबांचं शास्त्रीय संगीत मात्र भिंतभर आहे : एलपी, दोन ट्रंका भरून कॅसेट, थोड्या सीडी. भाऊ म्हणतो, "सगळं ऑनलाइन मिळतं, महिन्याचे पैसे भर आणि हे काढून टाक."

त्याचं निम्मं पटतं. भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी यांचं कंपन्यांनी काढलेलं पुष्कळ गाणं स्ट्रीमिंगवर सापडतं, ऐकायलाही स्वच्छ आहे. पण विलंबित आणि द्रुत वेगवेगळे ट्रॅक केलेले असतात, शफल चालू राहिलं की ख्याल अर्ध्यात सोडून भलत्याच रागात उडी. तबल्याला कोण, पेटीवर कोण, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. एलपीच्या कव्हरमागे ते छापलेलं असतं. बाबा अजूनही आधी ते वाचतात, मग सुई ठेवतात. शिवाय कंपनीशी करार संपला की ऐकत असलेलं गाणं यादीतून गायब होतं, पैसे भरत असलो तरी.

सीडींचं मी ठरवलंय. त्यात आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्येच असतो, तो फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणाऱ्या फाइलमध्ये) उतरवला तर काही कमी होत नाही.

खरा जीव अडकलाय तो कॅसेटमध्ये. १९८०च्या दशकात पेठांतल्या वाड्यांत झालेल्या घरगुती बैठका बाबांनी स्वतः रेकॉर्ड केल्यात. गाणारे फार नावाजलेले नव्हते, बरेच आता हयात नाहीत. हे कुठल्याही ॲपवर येणार नाही. काही टेपवर पांढरी बुरशी आलीये. काहींची आतली फेल्टची गादी निखळलीये, त्यामुळे आवाज दबका येतो. बहुतेक ९० मिनिटांच्या कॅसेट आहेत, त्यांची फीत ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ, म्हणून जुन्या डेकमध्ये घालायला धजत नाही.

तर जाणकारांनो, घरच्या डेकचा बेल्ट सैल झालाय. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अजून असे बेल्ट मिळतात का? हेडचा (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन नीट जुळवून देणारा कारागीर पुण्यात कोणी आहे का? जुन्या बाजारातून दुसरा डेक उचलावा, की आहे तोच दुरुस्त करावा? बुरशी आलेली कॅसेट चांगल्या डेकमध्ये लावली तर ती इतर कॅसेटींनाही लागेल, ही भीती आहे. ती आधी कशी साफ करायची?

एलपींचंही सांगा. आडव्या थप्पीत वाकतात, म्हणून उभ्याच ठेवायच्या आहेत, पण भाड्याच्या घरात माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं. बाबांनी निवडलेल्या तेवढ्या ठेवून बाकीच्या द्यायच्या झाल्या, तर ऐकणाऱ्याच्याच घरी जाव्यात. रद्दीवाल्याला वजनावर देणार नाही.

कॅसेट घेऊन पुण्यात कुठेही यायची तयारी आहे. कुरिअरने मात्र पाठवणार नाही, दुसरी प्रत नाहीये.