डाळिंबाच्या सालीत टॅनिन की अल्कलॉइड?

प्रश्न (विद्यार्थिनी, सोलापूर):
जिल्हाभर डाळिंबाच्या बागा असल्यामुळे प्रकल्पासाठी मी फळाची साल निवडली. अर्कात फेरिक क्लोराइड घालताच निळसर काळा रंग आला, म्हणजे टॅनिन (तुरट वनस्पतिज द्रव्य) आहे; परंतु अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त, बहुधा औषधी किंवा विषारी वनस्पतिज द्रव्य) ओळखण्याच्या ड्रॅगेनडॉर्फ चाचणीत नारिंगी साका मिळाला नाही. डाळिंबात अल्कलॉइड असते, असे पुस्तकात वाचले होते. माझे काय चुकले?

उत्तर १:
आपले काहीही चुकले नाही. पेलेटिएरिन हे अल्कलॉइड प्रामुख्याने खोडाच्या व मुळाच्या सालीत असते आणि पूर्वी पट्टकृमींवर वापरत ती हीच साल. फळाच्या सालीत मात्र प्युनिकॅलॅजिनसारखी जलविघटनशील टॅनिने भरपूर असतात, जीभ आवळणारा तुरटपणा त्यांचाच. केवळ झाडाचे नाव सांगून रासायनिक वर्ग ठरत नाही, भागही सांगावा लागतो.

उत्तर २:
तुलनेसाठी अडुळशाची पाने घ्यावीत, कारण त्यांत व्हॅसिसिन हे अल्कलॉइड असते. मात्र अर्क सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात करावा. रिठ्याचा टिकाऊ फेस हा सॅपोनिन या फेसाळ वनस्पतिज द्रव्याचा, हे तर प्रयोगशाळेविनाही दिसते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. आता खोडाची सालही तपासते.

उत्तर १:
अवश्य तपासा, पण ती चाखू नका. पेलेटिएरिन विषारी आहे.