राखाडी, करडा की पारवा?

प्रश्न : जलरंगातल्या निसर्गचित्रांवर एक टिपण लिहितेय. ‘सावलीसाठी ट्यूबमधला काळा नको, ग्रे स्वतः कालवा’ या वाक्याशी अडले. ग्रे म्हणजे राखाडी की करडा? आणि सावली लिहू की छाया?

– बोलताना आपण राखाडी आणि करडा एकाच अर्थाने वापरतो. पण राखाडी म्हटलं की मला राखच दिसते. काळ्यात नुसतं पाणी घातलं की कागदावर तीच उतरते, आणि हिरवळीत अशी सावली मेल्यासारखी दिसते. करडा मला जरा रुक्ष वाटतो. (करडी शिस्त, करडी नजर यांचा परिणाम असेल!) खडक, जुनी साल यांना तो शोभतो.

तुम्हाला हवाय तो शब्द ‘पारवा’. पारव्याच्या पाठीवरचा निळसर रंग. उन्हातली सावली तशीच असते, कारण तिथे सूर्य अडला तरी निळ्या आकाशाचा उजेड पोचतोच. पॅलेटवर अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या. निळा वरचढ ठेवला की पारवा, दोन्ही तुल्यबळ झाले की राखाडी, सिएना वाढवला की करड्याकडून मातकटाकडे. दोन ट्यूबांत सगळे शब्द निघतात! खडबडीत कागदावर अल्ट्रामरिनचे कण खळग्यांत बसतात. वाळल्यावर डोळा जवळ नेऊन पाहा, निळे दाणे वेगळे दिसतील. फक्त हवा त्यापेक्षा जरा गडद लावा, वाळून फिका पडतो.

– आणि ‘मळकट’? माझा ग्रे नेहमी तिथेच जातो.

– तिसरा-चौथा रंग घातलात किंवा अर्धवट ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवलात, की मळलाच.

– ट्यूबमध्ये तयार मिळणाऱ्या पेन्स ग्रेला पारवा म्हणावं का? तोही निळसरच.

– नको. विल्यम पेन या इंग्रज जलरंगकाराचं नाव आहे ते, तसंच राहू द्या. हल्लीच्या ट्यूबांत बहुधा निळ्यात काळा मिसळलेला असतो, तेव्हा तुम्हाला नको असलेला ट्यूबमधला काळा पुन्हा आलाच.

– सावली-छायेचं राहिलं. झाड जमिनीवर टाकतं ती सावली, हवं तर पडछाया. खोडाची उन्हाकडे पाठ केलेली बाजू मात्र सावली नव्हे, ती ‘छायेतली बाजू’. हा फरक लिहाच, कारण रंगही वेगळा लागतो. खोडाची बाजू खोडाच्याच रंगात गडद करायची. सावलीत जमिनीचा रंग दिसला पाहिजे, म्हणून गवत पूर्ण वाळू द्यायचं आणि वरून पारव्याचा पातळ वॉश (पाणीदार रंगाचा थर) एकाच फटक्यात ओढायचा. कड बुंध्याजवळ धारदार, शेंड्याकडे विरत गेलेली.

– मूळ प्रश्नकर्ती : पारवा घेतला! सावलीत मधेमधे जे उजेडाचे ठिपके पडतात त्यांना कवडसे म्हणता येईल? की कवडसा फक्त छपराच्या भोकातून येणारा?

– बेलाशक म्हणा. भोक छपरात असो की पानांत, ते बारीक असलं की खाली सूर्याचीच प्रतिमा पडते, म्हणून कवडसे गोल किंवा लांबट दिसतात. पानांच्या आकाराचे काढू नका, आणि वॉश देताना तेवढी जागा सोडा. वरून पांढरा लावलात तर ते कवडसे न वाटता चुन्याचे शिंतोडे वाटतील.