सॉफ्टनरचं पाणी झाडांच्या फिशटँकमध्ये: चालतं की नाही?

टँकवेडा (धागाकर्ता)
वाघोलीत आमच्या सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी. सगळं सॉफ्टनरमधून घरात येतं. 'मऊ पाणी फुकटात मिळतंय, झाडं लाव बिनधास्त' हा सल्ला ओळखीतले टँकवाले सर्रास देतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. का ते मांडतो, खोडून काढा.

सॉफ्टनरमधलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. म्हणून तर त्याला मिठाच्या गोणी लागतात. क्षार कमी होत नाहीत, त्यांची अदलाबदल होते. १०० मि.ग्रॅ. कठीणपणा गेला की लिटरमागे ४६ मि.ग्रॅ. सोडियम आलंच. आमच्या बोअरचा कठीणपणा ४५० च्या घरात, म्हणजे दोनशेच्या वर सोडियम. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला यातलं काही कळत नाही. त्याचा आकडा आधीही सहाशेच्या पुढे, नंतरही.

थेंबांची टेस्ट करून बघा. जीएचच्या (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणाऱ्या कठीणपणाच्या) नळीत पहिला थेंब पडताच रंग हिरवा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास शून्य. केएचची (बायकार्बोनेट मोजणारी) नळी मात्र सतरा-अठरा थेंब टाकले तरी निळीच राहते, मग कुठे पिवळी होते. बायकार्बोनेट जसंच्या तसं, त्याचा जोडीदार तेवढा बदलला. खायच्या सोड्याचं पातळ पाणीच म्हणा. झाडांना हवं ते काढून घेतलं आणि नको ते ठेवलं. त्यापेक्षा बोअरचं कच्चं पाणी परवडलं.

सगळंचालतं
थिअरी झकास. माझ्याकडे याच पाण्यावर वॅलिसनेरिया, अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्ट ही झाडं मजेत आहेत. सोडियमचा एवढा बाऊ कशाला? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेदहा ग्रॅमच्या वर सोडियम असतं, तुमचे दोनशे मि.ग्रॅ. त्याच्या २% सुद्धा नाहीत. जीएच कमी पडतो ना? १०० लिटरला ९ ग्रॅम जिप्सम आणि साधारण साडेचार ग्रॅम एप्सम सॉल्ट टाका, ४ डिग्री वाढतो. जिप्सम हट्टी असतं, आदल्या रात्रीच बादलीत ढवळून ठेवायचं. वर काचेवर, हीटरवर पांढरे डाग नाहीत. कच्च्या बोअरवाल्यांनी आपल्या काचेची पाण्याची रेघ एकदा ब्लेडने खरवडून दाखवावी.

टँकवेडा
तुमची यादी माझ्याच बाजूने साक्ष देते. वॅलिसनेरिया बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते, तिला असलं पाणी सोसतंच. अनुबियास आणि जावा फर्न तर लवकर मरत नाहीत म्हणूनच नवशिक्यांना देतात. रोटाला वॉलिची किंवा टोनिनासारखं नाजूक झाड लावून दाखवा की.

आणि सोसायटीने मीठ विकत घेऊन कॅल्शियम काढायचं, तुम्ही पुडी विकत घेऊन ते परत घालायचं! बरं, घातल्यावर सोडियम जातं का? ते तिथेच. उन्हाळ्यात पाणी उडतं, तुम्ही वरून तेच पाणी भरता, सोडियम चढत जातं.

सगळंचालतं
दर आठवड्याला अर्धं पाणी बदलतो, चढायला वेळ कुठे मिळतो?

दादरकर
आमच्याकडे तलावाचं पाणी, मुळातच मऊ. उलट आम्हीच मॉली माशांसाठी टाकीत शिंपले टाकतो. चालू द्या तुमचं. 🍿

शिरोळचा ऊसवाला
टँकमधलं मला फार कळत नाही, पोराने ठेवलाय म्हणून वाचतोय. पण सोडियम काय करतं ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही विचारा. उसाला वारेमाप पाणी पाजून जमिनी चोपण झाल्या. चिकणमातीवर कॅल्शियम असलं की कण एकमेकांना धरून राहतात, माती भुसभुशीत राहते. त्या जागी सोडियम बसलं की कण सुटे होतात, भोकं बुजतात, पाणी मुरत नाही. ओली असली की चिखल, वाळली की दगड. मग एकरी गोण्याच्या गोण्या जिप्सम टाका आणि चर काढून निचरा करा. नुसतं जिप्सम टाकून भागत नाही, सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जावं लागतं.

पोराने वाळूच्या थराखाली शेतातली गाळलेली माती घातली आहे. तसल्या टाकीत हे पाणी घातलं तर माती सुटून पाणी गढूळ होणारच. काचेच्या पेटीला निचरा कुठला?

सगळंचालतं
दादा, मुद्दा पटला, पण माझ्याकडे माती नाही. नुसते खडे आणि खताच्या गोळ्या. चोपण व्हायला आधी जमीन पाहिजे!

रसायनवाला
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. केएच जास्त असला की झाडांसाठी टाकीत सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लागू पडत नाही, असंही टँकवाले म्हणतात, तेही खरं नाही. सीओटू तेवढाच विरघळतो, पीएच तेवढा वरच्या आकड्यावर थांबतो. केएच १८ असेल तर ३० पीपीएम सीओटूला पीएच सव्वासातच्या आसपास येतो, घाबरायचं कारण नाही.

खरी अडचण लोहाची. स्वस्त खतात ते ईडीटीए नावाच्या धरून ठेवणाऱ्या रसायनाला बांधलेलं असतं आणि पीएच साडेसहाच्या वर गेला की ती गाठ सुटायला लागते. डीटीपीएवालं घ्या, ते त्याहून वर टिकतं. सीओटू न देणाऱ्यांचा पीएच आठच्या वर असतो, त्यांचे नवे कोंब फिके पडतात आणि ते दोष सोडियमला देतात.

'सगळंचालतं', कोवळं पान बघा. कॅल्शियम झाडात एकदा बसलं की हलत नाही, त्यामुळे तुटवडा आधी नव्या पानावर दिसतो: आखूड, वाकडं, टोकाला मुरडलेलं. मॅग्नेशियमचं उलट, जुनं पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. अनुबियास महिन्याला एखादं पान काढणार, तिच्यावर काय कळणार?

माझं मत: सॉफ्टनरचं पाणी टाकीत घालू नका, आरओला द्या. कठीणपणा नसल्याने मेम्ब्रेनवर थर बसत नाही आणि सोडियम बहुतांश बाहेर पडतं. मग हवा तेवढा जीएच घाला.

थेंबथेंब
आणि एक लिटर आरओमागे दोन-तीन लिटर मोरीत? टँकरच्या बिलावरून मीटिंगमध्ये भांडणं होतात आणि इथे हौसेपायी बादल्या ओतायच्या. पावसाळ्यात गच्चीचं पाणी धरा. पहिले दोन पाऊस जाऊ द्यायचे, मग स्वच्छ ड्रम लावायचा.

रसायनवाला
वाया जाणाऱ्याने लादी पुसा. पण ते झाडांच्या कुंड्यांना नको, सोडियम सगळं त्यातच जातं. ऊसवाले दादा सांगतीलच.

टँकवेडा
सीओटूचं मान्य. पण मधला मार्ग आहे. आमच्याकडे बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच फुटते. त्या नळाचं कच्चं पाणी अर्धं आणि आरओ अर्धं, जीएच साडेबारा, केएच ९. पुड्या नाहीत, सोडियमची भर नाही. मॉली खूश, गोगलगायींचे शंख धड. तुमच्या गोगलगायी कशा आहेत, 'सगळंचालतं'?

सगळंचालतं
शंखांवर खड्डे आहेत, पण त्या विकत घेतल्या तेव्हापासूनच होते. आणि सातव्या मजल्यावर बागेतून बादल्या कोण वाहणार? लिफ्टमध्ये पाणी सांडलं की सेक्रेटरी नोटीस लावतो. माझं जिप्सम बरं. बाकी रोटाला वॉलिचीची एक जुडी कुणाकडे जास्तीची असेल तर द्या, लावून फोटो टाकतो.