मासा दगावल्यावर टाकी पुन्हा तयार करताना : अनुभव धागा

मासा दगावला की बरेच जण टाकी रिकामी करून खडी, फिल्टर, सगळं खसाखसा घासतात आणि संध्याकाळी नवा मासा आणतात. आठवड्यात तोही जातो. काय धुवायचं, काय मुळीच धुवायचं नाही आणि किती थांबायचं, हे आकड्यांसकट इथे लिहा. कुणाचा तरी मासा वाचेल.

गोडंपाणी :
पाणी उपसण्याआधी तपासा. अमोनिया (माशांच्या घाणीतून येणारं विष), नायट्राइट आणि नायट्रेट (जिवाणू अमोनिया पचवताना आधी नायट्राइट, मग नायट्रेट होतं), पीएच, केएच (पीएच घसरू न देणारी पाण्यातली कार्बोनेटची ताकद). थेंबांचा किट घ्या, पट्ट्या ढोबळ असतात. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर असेल तर मासा पाण्यामुळेच गेल्याची शक्यता मोठी. मेलेला मासा रात्रभर आत राहिला असेल तर मात्र अमोनिया त्यानेही चढतो.

अशा टाकीला निर्जंतुक करायचं कारणच नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढतात. स्पंज नळाखाली धरला की क्लोरीनने ते मरतात. टाकीतलंच बादलीभर पाणी काढून त्यात दोन-तीनदा पिळा, बस. फिल्टर चालूच ठेवा आणि टाकी रिकामी असली तरी रोज चिमूटभर खाद्य टाका, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात.

शेवाळी :
जुना मासा वर्षानुवर्षं ठणठणीत आणि नवा दोन दिवसांत गेला, तर केएच बघा. मऊ पाण्यात पाणीबदल कमी झाले की केएच संपतो आणि पीएच 6 च्या खाली घसरतो. जुना मासा हळूहळू त्याला सरावतो, नव्याला एकदम धक्का बसतो.

इथे एक मोठा धोका आहे. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि साठलेला अमोनिया बिनविषारी अमोनियमच्या रूपात पडून राहतो. अशात निम्मं पाणी एकदम बदललं की पीएच चढतो, अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो आणि उरलेले मासेही जातात. म्हणून रोज 10 टक्केच बदला. खाण्याचा सोडा लागलाच तर 50 लिटरला दीड ग्रॅमने केएच साधारण 1 डिग्री वाढतो. एका दिवसात त्याहून जास्त नको.

खडीवाला :
रोगाने गेला असेल तर हिशोब वेगळा. पांढरे ठिपके होते आणि टाकीत आता एकही मासा नाही? मग ब्लीच नको. तो परजीवी माशाशिवाय जगत नाही. हीटर 28 अंशांवर ठेवून टाकी दोन आठवडे रिकामी चालवा.

पण मासे महिनोन् महिने एकेक करून खंगत, पाठीला बाक येऊन, अंगावर व्रण पडून मरत असतील तर माशांच्या टीबीचा संशय घ्या. हाताला जखम असेल तर तो माणसालाही लागतो, हातमोजे घाला. खडी, स्पंज, झाडं फेकून द्या. त्याचे जंतू ब्लीचला चिवट असतात. काच कोरडी करून 70 टक्के अल्कोहोलने पुसा, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवून.

इतर जिवाणूजन्य रोगांना 1 भाग ब्लीच, 19 भाग पाणी, 15 मिनिटं. सोबत व्हिनेगर कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो. मग वास जाईपर्यंत धुवा, अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) घातलेलं पाणी फिरवा आणि उन्हात वाळवा. अशी टाकी नव्यासारखीच, जिवाणू पुन्हा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या निरोगी टाकीतला चालू स्पंज मिळाला तर बरेच दिवस वाचतात.

पाणकणीस :
तयार झाली कशी ओळखायची? रिकाम्या टाकीत 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनिया घाला. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. मग नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली येईल एवढं पाणी बदला.

जुने मासे असतील तर नवा थेट त्यांच्यात सोडू नका. 20 लिटरचा टब, स्पंज फिल्टर आणि झाकण, तीन-चार आठवडे. जाळी आणि पाइपही वेगळे, रोग त्यांच्यावरून टाकीत जातो. सोडताना पिशवी 20 मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टबातलं पाणी पिशवीत. मासा जाळीने उचला, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता. पहिला दिवस दिवा बंद आणि खाद्य नाही.