सिनेमातली चोरी एवढी अवघड आणि खरी एवढी सोपी, असं का?

रिकामटेकडा:
काल परत एक चोरीचा सिनेमा बघून झाला. सगळं ठरलेलंच, लाल लेझरच्या जाळीतून अंग चोरत जाणारी नायिका, व्हॅनमध्ये बसलेला एक चष्मेवाला जो माऊसला हात न लावता नुसता कीबोर्ड बडवतो आणि अर्ध्या मिनिटात "आत शिरलो" म्हणतो, तिजोरी उघडायला कुणाचा तरी डोळा लागतो वगैरे. बघायला मजा येते, नाही असं नाही.

पण मग पॅरिसच्या लूव्र म्यूझियमची खरी चोरी आठवली. १९ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळचे साडेनऊ, म्यूझियम उघडलेलं, लोक आत फिरतायत. चार जण सामान वरच्या मजल्यावर चढवायची शिडीवाली गाडी घेऊन आले, अंगात कामगारांची जॅकेटं, दोघं बाल्कनीत चढले, ग्राइंडरने खिडकी कापली, आतल्या काचेच्या पेट्या फोडल्या आणि साताठ मिनिटांत सगळा कारभार उरकून स्कूटरवरून पसार. माल ८ कोटी ८० लाख युरोचा. घाईत एक मुकुट बाहेरच पाडून गेले ते वेगळंच. नंतर तिथल्या संचालक बाईंनी सिनेटसमोर सांगितलं की त्या बाजूला बाहेरून एकच कॅमेरा होता आणि त्याचं तोंड भलतीकडे. आणि कळस म्हणजे २०१४ च्या तपासणीत कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड काय सापडला होता? 'लूव्र'.

हे सिनेमात दाखवलं असतं तर आपणच म्हटलं असतं काय फालतू स्क्रिप्ट आहे. तर प्रश्न असा की येड्यात नक्की कोण काढतंय आपल्याला, सिनेमावाले की सिक्युरिटीवाले?

चष्मिस:
लेझर तोडायचं खरं यंत्र म्हणजे ते कामगाराचं जॅकेट हो. ते घातलं की माणूस दिसेनासाच होतो. त्याच म्यूझियममधून १९११ साली मोनालिसा गेली तीही अशीच. चोर विन्सेन्झो पेरुजा, पूर्वी तिथेच काम केलेला, आणि चित्रांना संरक्षक काचा बसवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांच्याच हाताखालचा माणूस! तेव्हा सोमवारी म्यूझियम बंद असायचं, पठ्ठ्याने कामगाराचा पांढरा डगला घातला, चित्र उतरवलं आणि चालत बाहेर. भिंत रिकामी आहे हे लोकांना दिसलं नाही का, तर दिसलं, पण सगळ्यांना वाटलं फोटो काढायला नेलं असेल. बोंब झाली दुसऱ्या दिवशी. पुढे म्यूझियम परत उघडलं तेव्हा ती रिकामी जागा बघायला रांगा लागल्या, त्यात काफ्का पण होता. आता याला सिक्युरिटी म्हणा, गुन्हा म्हणा की मनोरंजन म्हणा, मला तर फरक कळेनासा झालाय.

बॉस्टनचं गार्डनर म्यूझियम घ्या, १९९०. दोघं पोलिसांच्या वेशात रात्री दाराशी आले, तक्रार आलीय म्हणाले, गार्डने स्वतः आत घेतलं. १३ वस्तू गेल्या, आजतागायत पत्ता नाही.

उगाचच:
त्या लूव्रवाल्या शिडीच्या जर्मन कंपनीने थोड्याच दिवसांत त्याच फोटोवर जाहिरात टाकली होती, काम झटपट उरकायचं असेल तर आमची शिडी वगैरे. मार्केटिंग टीमला मानलं बुवा. बाकी तुमचं चालू द्या.

काळा कोट:
चष्मिस, चोरीपुढचा भाग तर अजून भारी आहे. पेरुजाला शिक्षा किती? एक वर्ष पंधरा दिवस, ती पण अपिलात सात महिन्यांवर आली, कारण त्याने सांगितलं मी देशभक्तीपोटी चित्र इटलीला परत आणलं आणि इटलीतल्या लोकांना ते आवडलं. कोर्टसुद्धा प्रेक्षकच असतं थोडंफार.

गार्डनरच्या चोरीची मुदत १९९५ मध्येच संपली, म्हणजे ज्यांनी चोरी केली ते उद्या टीव्हीवर येऊन "आम्हीच" म्हणाले तरी त्या चोरीसाठी खटला उभा राहात नाही. चोरीचा माल जवळ बाळगल्याबद्दल मात्र पकडता येतं. बक्षीस आहे १ कोटी डॉलरचं, तरी कुणी पुढे येत नाही.

आता विषय सिनेमाचा निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं सांगतो. बेड्या घालताघालता पोलीस जो पाठ केलेला डायलॉग म्हणतो, तुला गप्प राहायचा अधिकार आहे वगैरे, तो १९६६ च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या मिरांडा निकालातून आलाय, आणि तो बेड्या घालताना म्हणायचाच असा काही नियम नाही. ताब्यात घेतलेल्या माणसाची चौकशी करायची असेल तर आधी सांगायचं, एवढंच. नाही सांगितलं तर त्याने दिलेला जबाब सरकारी पक्षाला पुरावा म्हणून सहसा वापरता येत नाही. माणूस सुटत नाही! पण लोक सिरीज बघून येतात आणि विचारतात की मला तो डायलॉग म्हटलाच नाही तर केस आपोआप रद्द ना? भले त्यांचा अमेरिकेशी काडीचा संबंध नसेना.

शिफ्ट संपली:
पासवर्डवरून लूव्रला हसताय खरे, पण बाकीच्यांचं काय चाललंय बघा. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी बदला, हे सगळं ज्या सल्ल्यातून पसरलं तो बिल बर नावाच्या माणसाने २००३ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेसाठी लिहिला होता, आणि २०१७ मध्ये त्यानेच वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतोय. कारण माणसं काय करतात? पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी १ आणि उद्गारचिन्ह, तीन महिन्यांनी १ चं २. हे चोरांना आपल्याआधी माहीत असतं. निस्टने त्याच वर्षी नियम बदलले, पासवर्ड लांब ठेवा, फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका. पण हे ऑफिसांपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागतील देव जाणे, कारण सक्ती केली की कुणीतरी काहीतरी केल्यासारखं दिसतं. ब्रूस श्नायर नावाचा सुरक्षातज्ज्ञ असल्या दिखाऊ बंदोबस्ताला सिक्युरिटी थिएटर म्हणतो. तिकीट आपण काढायचं, टाळ्या ऑडिटरच्या.

आणि कीबोर्ड बडवणारा हॅकर विसरा. २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली ती आठवतेय का, अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसातल्या कर्मचाऱ्याला मोठ्या साहेबाच्या नावाने मेल आला, त्याला संशय पण आला, पण मग व्हिडिओ कॉल झाला आणि कॉलवर साहेब, ओळखीचे सहकारी, सगळेच दिसले. सगळेच डीपफेक, म्हणजे कॉम्प्युटरने बनवलेले खोटे चेहरे आणि आवाज. २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून मोकळा. कुठली सिस्टिम फोडली नाही, काही नाही. मीटिंगमध्ये साहेब दिसला की आपण मान डोलावतो, ही सवयच फोडली.

बिचारा कीबोर्ड:
शिफ्ट संपली +१. पण मला एक कळत नाही, डीपफेकपर्यंत मजल गेली तरी ते परदेशी राजपुत्राच्या वारशाचे मेल अजून तसेच, अगदी व्याकरणाच्या चुकांसकट, का येतात? एवढं तर आता फुकट दुरुस्त करून मिळतं.

निवृत्त:
बिचारा कीबोर्ड, त्या चुका कामाच्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मॅक हर्ली याने २०१२ मध्ये असले मेल इतके ढोबळ का असतात यावर पेपर लिहिला. मेल लाखोंना पाठवायला खर्च नाही, खर्च आहे तो उत्तर आल्यानंतर, कारण तिथून पुढे एकेकाशी आठवडेच्या आठवडे बोलत बसायचं असतं. तेव्हा तुमच्यासारखा शंकेखोर माणूस पहिल्याच ओळीला हसून निघून गेला तर त्यांचा वेळ वाचतो. चाळणी आहे ती. तुम्ही हसलात म्हणजे मेलने आपलं काम केलं.

दुसरं म्हणजे लाज. १९२५ मध्ये व्हिक्टर लुस्टिगने सरकारी अधिकारी बनून पॅरिसचा आयफेल टॉवर भंगारात विकला. टॉवर मुळात तात्पुरता बांधलेला, देखभालीचा खर्च परवडत नाही, लोक ओरडतील म्हणून गुपचूप विकतोय, एवढी सुरेख थाप. भंगारवाल्याला कळलं तेव्हा तो लाजेने पोलिसांत गेलाच नाही. तर हा गडी काही दिवसांनी परत आला, टॉवर परत विकायला! फसलेल्याला आपण जितकं हसतो तितका पुढच्या लुस्टिगचा धंदा सोपा होतो. आणि एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात बरं, मग "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" म्हणून वकिलाच्या आवाजात फोन येतो.

काळा कोट:
वकिलाच्या आवाजात म्हणजे कसल्या आवाजात, निवृत्त काका? 😀

निवृत्त:
आधी फी मागणाऱ्या.

हॅलो कोण बोलतंय:
सगळे सिनेमाला झोडपताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९८३ चा 'वॉरगेम्स', ज्यात एक शाळकरी पोरगा घरच्या फोनवरून अमेरिकन लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतो, तो तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी बघितला आणि पुढच्या बैठकीत सेनाप्रमुखांना विचारलं की असं खरंच होऊ शकतं का. आठवड्याने उत्तर आलं की परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा वाईट आहे. १९८४ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि हॅकिंगविरोधी कायदा करताना संसदेच्या समितीच्या अहवालात सुद्धा या सिनेमाचा उल्लेख आहे. एवढे रिपोर्ट धूळ खात पडले होते, काम केलं ते पॉपकॉर्न खात बघायच्या गोष्टीने.

रिकामटेकडा:
हे माहीत नव्हतं, भारीच. म्हणजे मी सिनेमे बघतो ते सार्वजनिक हिताचं काम आहे तर.

काळा कोट:
थांबा, सिनेमा बघून कायदा केला की काय होतं तेही ऐका. त्या कायद्याने 'परवानगीबाहेर' कॉम्प्युटर वापरणं गुन्हा ठरवलं, आणि परवानगीबाहेर म्हणजे काय ते इतकं सैल ठेवलं की पुढची तीसपस्तीस वर्षं वकिलांचं भलं झालं. शेवटी २०२१ मध्ये व्हॅन ब्युरेन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा तो आवळला. त्यात कोर्टाने म्हटलं की सरकार म्हणतंय तसा अर्थ लावला तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खासगी मेल पाठवणारा किंवा बातम्या वाचणारासुद्धा गुन्हेगार ठरेल. दुपारचे तीन वाजलेत आणि या धाग्यावर सगळे हजर आहेत, एवढंच नोंदवतो.

बिचारा कीबोर्ड:
मी स्वतःच्या मोबाईलवर आहे. वायफाय पण माझंच आहे.